वाहत्या पेट्रोलचा दाब

माझ्या धाकट्या भावाने ती निळी बाटली दुकानात आणली तेव्हा मी एका ट्रॅक्टरचा डिझेल पंप तपासणीच्या बेंचवर बांधून बसले होते. मार्च लागला होता. बाहेर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो उभा होता आणि त्याचा चालक उगाच हॉर्न वाजवत होता. भावाने बाटली दोन्ही हातांनी धरली होती, आंघोळ घातलेलं लेकरू धरावं तशी. ती त्याने माझ्या टेबलावर, पान्यांच्या शेजारी, हळूच आडवी ठेवली.

"आक्का, हे नायट्रस," तो म्हणाला. "बटन दाबलं की गाडी अशी निघती, माणूस मागं राहतो."

जवळा बाजारच्या रस्त्यावरचं ते दुकान वडिलांचं. मध्ये उभ्या केलेल्या पत्र्याच्या एका बाजूला ते ट्रॅक्टरचे पंप आणि नोझल दुरुस्त करायचे. दुसऱ्या बाजूला भावाने मोटारसायकलींचं गॅरेज काढलं. वडील गेल्यावर बेंच माझ्याकडे आला. माझं सासर गावातच, नवरा तहसीलमध्ये कारकून, त्यामुळे लग्नानंतरही सकाळी दहाला मी दुकानात हजर असायची. पंप किती दाबाने डिझेल फेकतो आणि किती मापाने, एवढंच माझं काम. वीस वर्षं मी काट्यांकडे बघत आले आहे. काटा कधी स्थिर असतो, कधी स्थिर असल्याचं सोंग करतो, हे मला कळतं. भाऊ त्यासाठीच माझ्याकडे आला होता.

त्याच्याजवळ एक जुनी मोटारसायकल होती, दोनशे सीसीची, कार्ब्युरेटरची. तिला त्याने शर्यतीसाठी सोलून काढलं होतं. दिवे नाहीत, मागची सीट नाही, मडगार्ड नाही. सरळ रस्त्यावर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि चारशे मीटरमध्ये कोण पुढे जातो ते बघायचं, असल्या शर्यती आमच्या भागात वर्षा-दोन वर्षांत फार वाढल्या होत्या. बाटलीतला गॅस इंजिनात गेला की आतला जाळ भडकतो. पण त्याच क्षणी जादा पेट्रोलही आत जावं लागतं. पेट्रोल कमी पडलं तर जाळ इतका तापतो की ॲल्युमिनियमचा पिस्टन मेणासारखा वितळतो. जुन्या गाडीला पंप नसतो, टाकीतलं पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं. गॅसबरोबर जायचं पेट्रोल असं उतरून पुरत नाही. त्याला वेगळा पंप लागतो, वेगळी नळी लागते, आणि दाब धरून ठेवावा लागतो.

पहिल्या दिवशी भावाने सगळं जोडून मला बोलावलं. पंप घूं घूं करत होता. गेजचा काटा सहावर होता.

"सहा पौंड. बराबर?"

"बटन दाब," मी म्हणाले.

"इंजिन बंद हाय."

"पेट्रोलची नळी काढ, या ग्लासात सोड, आन् मग दाब."

त्याने मापाच्या ग्लासात नळी सोडली आणि बटन दाबलं. पेट्रोल वाहू लागलं आणि काटा सहावरून घसरत साडेतीनवर जाऊन बसला.

"थांबलेल्या पेट्रोलचा दाब कोणीबी दाखवील," मी म्हणाले. "इंजिनाला वाहतं पेट्रोल लागतं. ते वाहताना सहा पाहिजे."

तो आठवडा आमचा चांगला गेला, हे मला खरं सांगायला हवं. मी त्याची बारीक नळी काढून जाड नळी घातली. पंप टाकीच्या तळापेक्षा वर लावला होता, तो खाली आणला, म्हणजे पेट्रोल त्याच्याकडे आपोआप यावं. गाळणी बदलली. शनिवारी ग्लासात पेट्रोल वाहत असताना काटा सहावर उभा राहिला आणि हलला नाही. भावाने पत्र्यावर थाप मारली. वडील गेल्यापासून आम्ही दोघांनी एका कामावर मिळून हात लावला नव्हता.

गाडी चालवायला भाऊ बसत नसे. तो पंच्याऐंशी किलोचा, आणि या शर्यतींत वजन म्हणजे पराभव. त्याने कुरुंद्याचा एक माणूस धरला होता. पस्तिशीचा, हडकुळा, कपड्यांसकट पन्नास किलो भरेल न भरेल असा. हळदीच्या दिवसांत तो लोकांच्या हळद शिजवायच्या कढयांवर राबायचा, एरवी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर हाकायचा. दोन मुली होत्या. बोलायचा फार कमी. गाडीवर बसण्याआधी हेल्मेट काखेत धरून तो माझ्याकडे यायचा आणि दर वेळी एकच विचारायचा.

"आक्का, काटा कसाय?"

"बराबर हाय."

मग तो बसायचा. भावाला तो मिस्त्री म्हणायचा, पण त्याला असं कधी विचारलं नाही. भाऊ त्यावर हसायचा, पण ते त्याला आवडत नव्हतं.

चालत्या गाडीवर काट्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणून आम्ही टाकीवर गेज बसवलं आणि त्याच्यासमोर जुना मोबाईल चिकटपट्टीने बांधून शूटिंग लावलं. शेताकडच्या रिकाम्या डांबरी रस्त्यावर कुरुंद्याच्या माणसाने तीनदा गाडी पळवली. मग आम्ही तिघं लिंबाखाली मोबाईलवर वाकून बसलो. काटा सहा. सहा. सहा. शेवटच्या दोन सेकंदांत साडेपाच, आणि अगदी शेवटी पाचच्या जवळ. तिथे तो नुसता उतरला नव्हता, थरथरत होता.

"हादऱ्यानं," भाऊ म्हणाला.

हादऱ्याने काटा दोन्हीकडे हलतो. हा फक्त खाली हलत होता. इंजिनाजवळ पंप तापत होता, तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होत होती, आणि वाफेला दाब धरता येत नाही. मी पंपाला पत्र्याचा आडोसा केला. फरक पडला, पण थोडाच. म्हणून मी एक स्विच बसवला. पेट्रोलचा दाब पाचच्या खाली गेला की स्विचने गॅसची वायर तोडायची. गॅस बंद, गाडी साध्या पेट्रोलवर पुढे जाईल. हरेल, पण इंजिन आणि माणूस जागेवर राहतील.

"हे चांगलं झालं," कुरुंद्याचा माणूस म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यांत लांब कौतुक.

पहिली शर्यत वसमतच्या बाहेर झाली. दुसऱ्या फेरीत आमची गाडी एका चाकाने पुढे होती, आणि शेवटच्या टप्प्यात एकदम तिचा आवाज बसला. स्विचने गॅस तोडला होता. शेजारची गाडी निघून गेली. गर्दीतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "बाईनं प्रेशर लावलं म्हणे!" आणि बरेच जण हसले. भाऊ हसला नाही, पण त्याने त्या माणसाला काही म्हटलंही नाही.

पुढचे चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पत्र्याच्या पलीकडून पाने आपटल्याचा आवाज यायचा. पाचव्या दिवशी तो आला आणि माझ्या बेंचला टेकून उभा राहिला.

"स्विच चारवर घे."

"चारवर पिस्टन जाईल."

"एका सेकंदात जातो काय? शेवटचा सेकंद तर हाय तो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सगळे हसून राहिले आक्का. तुला बी, मला बी."

मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही. त्याच्यासाठी म्हणून केलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं, पण तसं नव्हतं. ते हसणं माझ्याही कानात होतं. मलाही ती गाडी जिंकायला हवी होती, माझ्या दाबावर. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन मी स्विचचा स्क्रू अर्धा वेढा सैल केला. एवढंच. कुरुंद्याच्या माणसाला आम्ही सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण दोघांपैकी कोणीच सांगितलं नाही.

एप्रिल संपत आला तेव्हा डोंगरकडा गावाच्या अलीकडे मोठी शर्यत होती. तिथे नव्या रस्त्याचा एक तुकडा तयार होऊन पडला होता. पुढचा पूल व्हायचा होता म्हणून वाहतूक सुरू नव्हती. दोन्ही बाजूंना कापूस वेचून उलंगवाडी झालेली रानं, पऱ्हाट्यांचे ढीग, आणि मध्ये काळाभोर सरळ रस्ता. सावली म्हणून फक्त आम्ही मोटारसायकल आणलेल्या पिकअपच्या खालची. आम्ही सकाळी आठला पोहोचलो तेव्हा हवा बरी होती. बाटलीच्या गेजवर नऊशे पौंड दाब होता, तो बरोबर होता, त्या दाबाच्या हिशोबानेच मी पेट्रोल सहावर बांधलं होतं.

आमचा नंबर अकराला यायचा होता. बारा वाजले, एक वाजला. आयोजक पोरं उन्हात ओरडून घसे बसवून घेत होती. दोन वाजता मी बाटलीच्या गेजकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. साडेबाराशे.

मला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं, पण समोर दिसत होतं. ऊन त्या बाटलीत शिरत होतं. आतला गॅस फुगत होता, म्हणजे त्याच तोटीतून तो आता कितीतरी जास्त जोराने बाहेर पडणार होता. गॅस वाढला तर पेट्रोलही वाढायला हवं. आणि उन्हाने पेट्रोलचं उलटंच होत होतं, पंप तापून त्याचा दाब उतरत होता. एक वर चालला होता, एक खाली.

मी गोणपाट भिजवून गाडीला बांधलेल्या बाटलीवर गुंडाळलं. पाणी मिनिटात वाळायचं. टँकरवाल्याकडून बादली मागून आणून मी पुन्हा ओतायची. काटा अकराशेवर आला आणि तिथेच अडून बसला. त्या उन्हात तिथलं पाणीच गरम होतं.

पहिली फेरी आम्ही जिंकलो. दुसरी पण जिंकलो. दुसऱ्या फेरीत ती गाडी अशी गेली की गर्दी क्षणभर गप्प झाली. ज्या माणसाने वसमतला बाईचं प्रेशर म्हटलं होतं तो माणूस तिथे होता की नाही मला माहीत नाही, पण मी गर्दीत त्याला शोधलं. मला आनंद झाला होता. मग कुरुंद्याचा माणूस गाडी ढकलत परत आला आणि हेल्मेट काढून म्हणाला, "आक्का, शेवटाला आवाज न्यारा आला. खडे हलवल्यावानी."

मी मोबाईल सोडवून पाहिला. शेवटच्या टप्प्यात काटा साडेचारवर होता. पाचवरचा स्विच असता तर गॅस तिथेच तुटला असता.

प्लग काढला. गरम होता, फडक्यात धरला. पांढऱ्या चिनी मातीच्या भागावर बारीक बारीक चकचकीत ठिपके होते, मीठ भुरभुरावं तसे. मी ते नखाने खरवडले. ते धातूचे होते.

"हे बघ," मी भावाला म्हणाले. "पिस्टन निघून राहिला. हा पिस्टनचा चुरा हाय."

"धूळ हाय."

"धूळ चमकत न्हाई."

"आक्का, फायनल हाय. एक फेरी. दहा सेकंद."

कुरुंद्याचा माणूस आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग तो नेहमीसारखा हेल्मेट काखेत धरून माझ्यासमोर आला.

"आक्का, काटा कसाय?"

त्याच्या दोन मुली मी पाहिल्या होत्या. एकदा तो त्यांना दुकानात घेऊन आला होता, धाकटीने माझ्या बेंचचं चाक फिरवलं होतं.

"बराबर न्हाई," मी म्हणाले. "बसू नका तुमी."

त्याने हेल्मेट पिकअपच्या बॉनेटवर ठेवलं आणि दोन पावलं मागे झाला. त्याला दुसरं काही विचारायचं नव्हतं.

भाऊ त्या हेल्मेटजवळ गेला. त्याचा चेहरा लाल झाला होता, उन्हानेही आणि रागानेही. आयोजकांचा माणूस हात हलवून आम्हाला रेषेकडे बोलवत होता. "म्हणजे आता गावात सांगत फिरायचं, बहिणीनं बसू दिलं न्हाई," भाऊ म्हणाला. "वसमतला तूच हरवलं. इथं बी तूच." त्याने हेल्मेट उचललं. ते त्याला तंग होत होतं, तरी दाबून घातलं. "मी बसतो."

मी बाटलीजवळच उभी होते. ओलं गोणपाट माझ्या हातात होतं आणि त्याच्याखाली बाटलीची चावी होती. ती उजवीकडे दोन वेढे फिरवली असती की गॅस बंद. भाऊ रेषेवर जाऊन बटन दाबत बसला असता आणि काहीच झालं नसतं. मला हे त्या वेळी दिसत होतं. चावी माझ्या बोटांना लागत होती, ओली होती.

पण "तूच हरवलं" हे माझ्या डोक्यात घुमत होतं. शाळेपासून त्याच्या मोडलेल्या वस्तू मी जोडून देत आले होते, आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

"बस मंग," मी म्हणाले. "जा."

मी गोणपाट काढून घेतलं आणि बाजूला झाले. कुरुंद्याच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. भावाने मान हलवली आणि किक मारली.

गाडी सुटली तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता. पहिला गियर, दुसरा, तिसरा. त्याचं वजन असूनही तो शेजारच्या गाडीच्या बरोबरीने होता. मग तो आवाज आला, खडे हलवल्यासारखा, इतक्या लांबून मला ऐकू आला, आणि मग कोणी पातेलं दगडावर आपटावं तसा एकच ठोका. इंजिन जाम होऊन मागचं चाक जागेवर अडकलं. गाडी आडवी झाली आणि त्याचा पाय खाली घेऊन रस्त्यावरून घासत गेली. फार लांब गेली. मी पळत होते आणि ती अजून जात होती.

मी पोहोचायच्या आधी कुरुंद्याचा माणूस पोहोचला. पेट्रोलची नळी तुटून सायलेन्सरवर पेट्रोल पडलं होतं आणि छोटा, जवळजवळ न दिसणारा जाळ लागला होता. भर उन्हात पेट्रोलचा जाळ दिसत नाही, फक्त त्याच्या वरची हवा हलते. मी पोहोचताच त्याने माझ्या हातातलं गोणपाट ओढून घेतलं, जाळावर टाकलं, आणि त्या हडकुळ्या माणसाने एकट्याने गाडी उचलली. भाऊ शुद्धीवर होता. त्याच्या गुडघ्याकडे बघून मी नजर वळवली.

नांदेडला त्याच पिकअपमधून नेलं. वाटेत भाऊ एकदाच बोलला. "किती लागला टाइम?" म्हणाला.

गुडघ्यात स्टीलची पट्टी बसली, पोटरीवर मांडीची कातडी लावली. तीन महिने तो अंथरुणात होता. पाय आता अर्धाच वाकतो. भावजयीने मला एका शब्दाने काही विचारलं नाही. रोज डबा घेऊन गेले की ती तो माझ्या हातातून घ्यायची आणि "तकलीफ कशाला घेता आक्का" म्हणायची. ती खरंच तसं म्हणत होती की दुसरं काही, हे मला कधी कळलं नाही.

इंजिन मी एकटीने उघडलं. पिस्टनच्या डोक्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा गोळा झालेल्या, मेणबत्तीसारख्या. मोबाईलची काच फुटली होती पण शूटिंग शाबूत होतं. भोक पडलं त्या क्षणी काटा सव्वाचारवर होता. माझा स्विच चारची वाट बघत होता.

भाऊ बरा होऊन दुकानात बसायला लागला तेव्हा येणारा प्रत्येक जण पायाबद्दल विचारायचा, आणि तो प्रत्येकाला एकच सांगायचा. "आक्का नको म्हणाली होती. हात जोडले तिनं. मी ऐकलं न्हाई." लोक माझ्याकडे आदराने बघायचे. पंपाचं काम वाढलं. मी पत्र्याच्या अलीकडे मान खाली घालून नोझल पुसत राहायची. हात मी जोडले नव्हते.

दिवाळीच्या आधीच्या बाजारात कुरुंद्याचा माणूस भेटला. मिरच्या घेत होता. त्याने पिशवी बाजूला ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "मिस्त्री समद्यायला सांगून राहिले, आक्कानं अडवलं म्हणून."

"व्हय."

"तुमी जा म्हणल्या होत्या."

"व्हय."

त्याने हातातली मिरची ढिगात परत टाकली. "त्या गोंधळात मिस्त्रीला ऐकू आलं नसंल."

पण मला भावाने हलवलेली मान आठवत होती.

त्याच संध्याकाळी मी भावाच्या घरी गेले. भावजय आत स्वयंपाक करत होती. तो ओसरीवर खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. मी उभ्यानेच सांगून टाकलं. चावी माझ्या हाताखाली होती. मी बंद केली नाही. मी रागात जा म्हणाले. हात जोडले नाहीत.

त्याने ऐकून घेतलं.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला.

"मंग तसं काहून सांगतो सगळ्यांना?"

"काय सांगू? सख्ख्या बहिणीनं जा म्हणलं?" त्याचा आवाज चढला नव्हता. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता, हे आम्हा दोघांनाही कळलं. त्याने दोन्ही हातांनी पाय उचलून स्टुलावर सरळ केला.

त्यानंतर तो ती गोष्ट माझ्यासमोर सांगत नाही. कोणी पायाचं विचारलं तर "पडलो" एवढंच म्हणतो. दुकान चालू आहे. मधला पत्रा तसाच आहे. कधी कधी पलीकडचं काम थांबतं आणि सगळं शांत होतं, तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवते आणि त्याचा पुढचा आवाज यायची वाट बघते.